अख्खा सेट की नुसती मोटार?

माझ्या पुतण्याची देवबागला पर्यटकांना फिरवायची फायबरची होडी आहे. जुनीच घेतलेली. मागे साठ हॉर्सपॉवरचे आऊटबोर्ड मशीन. कर्ली नदीच्या संगमावर वाळूचे पट्टे आहेत. तिथे मशीन वेळेत उचलले नाही तर पंखा वाळूत घुसलाच म्हणून समजा. हे उचलण्याचे काम ट्रिमचा पंप करतो. बारा व्होल्टची छोटी मोटार तेल दाबते आणि तेल दांडा ढकलते. वाटेत मशीनचा कोन बदलून होडीचे नाक वर-खाली करायचे तेही यानेच. कोन बरोबर असला की पेट्रोल वाचते, फार झाला की होडी बेडकासारखी उड्या मारते!

ऐन हंगामात हा पंप बंद पडला. बाजूचा स्क्रू सैल करून मशीन हातानेही उचलता येते, पण त्याचे वजन शंभर किलोच्या वर. दिवसातून किती वेळा उचलणार?

"काका, ते सांगतत, अख्खो सेट बदलूक होयो," पुतण्याचा फोन. ते म्हणजे दुरुस्तीवाले.

मी मराठीचा मास्तर. वीज शिकवली ती विज्ञानाचे सर रजेवर असताना, तेवढीच. तरी विचारले, तपासले कुणी? बटण दाबल्यावर रिले टक् करतो का? मोटारीच्या दोन वायरी थेट बॅटरीला लावून पाहिल्या का? (निळी वर, हिरवी खाली, असा बहुतेक कंपन्यांचा रिवाज.) थेट लावून फिरली तर मोटार चांगली, दोष रिलेचा किंवा वायरिंगचा. इथे रिले टकटक करत होता, मोटार मात्र ढिम्म. उघडली तर आत खारे पाणी, कार्बन गंजलेले.

पंपातले तेल दुधाळ झाले असते किंवा दांड्यातून गळत असते तर सेट बदला म्हणणे पटले असते. तसे काही नव्हते. मग नुसती मोटार बदलली. आधी मशीनला खाली लाकडाचा टेकू, बॅटरी सोडवलेली, ओ रिंग नवी. वाळूचा एक कणही आत जाऊ द्यायचा नाही, कारण तेलातल्या कणाने व्हॉल्व्ह जातात. मग तेल भरून चार-पाचदा वर-खाली, हवा निघेपर्यंत. अर्ध्या दिवसाचे काम.

माझे म्हणणे असे, की सुटा भाग मिळणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल काढले, चांगलेच केले. पण त्यासाठी निवडलेली क्षेत्रे चार: शेतीची अवजारे, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या. एवढी मोठी किनारपट्टी असलेल्या देशात होडीचे इंजिन त्यात नाही! फ्रीज बिघडला तर दूध नासते. होडी बंद पडली तर इथे चूल बंद होते.

असो. पुतण्याने जुनी मोटार टाकलेली नाही. कार्बन बसवून देणारा कुणी मालवण-कुडाळकडे माहीत असेल तर जरूर कळवा.