बाथमधली एकेरी काच

पुण्यात एखादा वाडा पडला की हमखास कोणीतरी इंग्लंडकडे बोट दाखवतं : बघा, ते वारसा कसा जपतात! मी इंग्लंडातल्या बाथ या गरम झऱ्यांच्या गावात भाड्याने राहतो, घर घ्यायच्या खटपटीत आहे. म्हणून सांगतो, हे जपणं कोणाच्या जिवावर चालतं तेही बघा.

इथली हजारो जुनी घरं सरकारी वारसा-यादीत आहेत. घर यादीत आलं की आतला जिनाही आला. एकेरी काच काढून दुहेरी बसवायची तर मंजुरी हवी. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा. घरमालक या कटकटीत कशाला पडेल? हीटिंगचं बिल भाडेकरू भरतो. विकत घेणाऱ्याने गारठ्यासकट घ्यायचं.

गावाची मूळ रीत मात्र वेगळी होती. १७६७ साली काम सुरू झालेल्या रॉयल क्रेसेंटचा फक्त दर्शनी भाग धाकट्या जॉन वुडने आखला. त्यामागे ज्याने त्याने आपल्या सोयीचं घर बांधलं.

आजही झऱ्यांतून रोज दहा लाख लिटरहून जास्त, सुमारे ४६ अंशांचं पाणी येतं. वाहून जाणाऱ्या त्या पाण्याच्या उष्णतेवर इथल्या जुन्या ॲबीची फरशी तापवतात. प्रार्थनास्थळाला जे चालतं ते राहत्या घराला का नाही?

दर्शनी भाग कडकपणे राखा. काच आणि आतली सोय मात्र राहणाऱ्यावर सोडा. नाहीतर १९८७ची युनेस्कोची पाटी राहील, आणि गावात फक्त पर्यटक.