टॅबवरची संमती



ज्येष्ठांची संशोधनासाठीची संमती टॅबवर घेऊच नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. डोळे अधू झालेल्या आजींना बारीक छपाईची चार पाने वाचता येतात का? टॅबवर अक्षर मोठे होते, चंदगडी बोलीतली माहिती पुन्हा पुन्हा ऐकवता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना इलेक्ट्रॉनिक संमती मान्य आहे. निरक्षर व्यक्तीसाठी त्रयस्थ साक्षीदारही लागतो. नातवाने आजीचा अंगठा धरून पडद्यावर टेकवला, तर ती संमती मुळीच नव्हे.

पत्रलेखकांची एक तक्रार मात्र रास्त आहे: टॅब परत जातो, घरात काही उरत नाही. म्हणून संपर्क क्रमांकासह छापील मराठी प्रत घरी ठेवलीच पाहिजे आणि माहिती दिली त्याच बैठकीत होकार मागू नये.

— एक वाचक, चंदगड