शुश्रूषा करणाऱ्यांचीही शुश्रूषा

आमच्या आचोळ्याहून परळ फार दूर नाहीं. परंतु कर्करोग जडलेल्या माणसास तो प्रवास फार लांबचा होतो. नालासोपाऱ्यास गाडींत चढावें, प्रभादेवीस उतरावें, आणि मग रांगेंत ताटकळावें! अपंगांच्या डब्यांत अशा रोग्यांस बसण्याची मुभा आहे. पण कित्येकदां धट्टेकट्टे लोकच ती जागा अडवितात.

लेडी मेहरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढें त्यांचे पति सर दोराबजी ह्यांच्या विश्वस्त निधींतून परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उभें राहिलें. असाध्य रोग्यांस निदान वेदना तरी सोसाव्या लागूं नयेत, म्हणून वांद्र्यास १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें. ह्यावरून काय दिसतें? उपचाराची प्रत केवळ यंत्रांनीं व औषधांनीं ठरत नाहीं.

आणि डॉक्टर व परिचारिका तरी यंत्रें थोडींच आहेत? दिवसांतून अनेकदां दुःखद वार्ता सांगणाऱ्या माणसाचें सांत्वन कोणी करावें? थकलेल्या हातांकडून चूक होते. म्हणून त्यांना पुरेसे सहकारी व विसांवा मिळणें हें रोग्याच्याच हिताचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढें सहज करतां येईल: घरांत कोणी गांठ अगर न भरणारी जखम लपवीत असल्यास त्यास लवकर दाखवावयास लावा, दुखणाइताची जागा अडवूं नका, आणि इस्पितळांत आवाज चढविण्यापूर्वीं समोरच्या परिचारिकेचा चेहरा एकदां नीट पाहा.