आभार मानून झाले, आता मांडव कोण उतरवणार?

आमच्या गावच्या व्याख्यानमालेचा मी अकरा वर्षं खजिनदार आहे. खजिनदार म्हणजे कार्यक्रम संपल्यावर ज्याचा कार्यक्रम होतो तो इसम. अध्यक्षांना हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, सूत्रसंचालिकेला टाळ्या, आणि मला रात्री साडेअकराला कानाशी लागणारा साऊंडवाला: "साहेब, आमचं तेवढं बघा की." तेव्हा पुढचा मजकूर तटस्थ वगैरे अजिबात नाही. तटस्थ माणसं आभारप्रदर्शन सुरू होताच चपला शोधायला उठतात.

मागच्या वर्षी कार्यकारिणीने मला जिल्ह्याच्या गावी एका दिवसाच्या कार्यशाळेला धाडलं. विषय: आयोजन-व्यवस्थापन. दुपारचं शेवटचं सत्र होतं ‘कार्यक्रमोत्तर टप्पा’. मी सरसावून बसलो. म्हटलं, आला आपला विषय! टाय लावलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावर पायऱ्या दाखवल्या. चोवीस तासांत सर्वांना आभाराचा मेसेज. मग अभिप्राय फॉर्म. मग क्षणचित्रांचा व्हिडिओ. मग ‘डीब्रीफ’, म्हणजे एसीत बसून एकमेकांना शाबासकी देणं. त्यानंतर प्रायोजकांशी ‘नातं जोपासणं’. अहो, पण बिलं? मी हात वर करून विचारलं. तज्ज्ञ हसले. लहान मुलाने भरल्या पंगतीत नको ते विचारलं की मोठी माणसं हसतात ना, तसे. म्हणाले, "तो अकाउंट्सचा भाग झाला सर. आपण इथे अनुभवाबद्दल बोलतोय."

तर कार्यक्रम संपल्यानंतर काय करावं या विषयावरचा तो कार्यक्रम संपल्यानंतर काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चहाचे कागदी कप खुर्च्यांखाली तसेच लवंडलेले. फळ्यावर ‘शाश्वतता’ हा शब्द तसाच. तज्ज्ञ गाडीत, आयोजक तज्ज्ञांना निरोप देण्यात, आणि हॉलचा शिपाई पोतं घेऊन एकटा वाकलेला. संध्याकाळी मोबाइलवर फॉर्म आला: ‘आपला एकूण अनुभव कसा होता? 1 ते 5 तारे द्या.’ शिपायाला तो फॉर्म आला नसावा.

या फॉर्मचं मला फार कौतुक वाटतं. ज्याला जेवण मिळालं, जागा मिळाली आणि मोमेंटो मिळाला, तोच तो भरतो. ज्याला पुरी मिळाली नाही, तो त्या वेळी भेळेच्या गाडीवर उभा असतो. मग अहवालात छापून येतं, ‘श्रोत्यांचा भरघोस प्रतिसाद, सरासरी 4.7 तारे’. आकाशात तरी इतके दिसतात का हल्ली?

आणि हे सगळं पश्चिमेकडून आलेलं आधुनिक शास्त्र आहे म्हणे. आमच्याकडे पूर्वी काही नव्हतंच जणू! पंचांग उघडा, अगदी आजचं, कॅलेंडरच्या पाठीमागे छापतात तेसुद्धा चालेल. त्यात ‘देवकोत्थापन व मंडपोद्वासन’ असे दोन भरदार शब्द सापडतील. जीभ सांभाळून म्हणा. लग्न-मुंजीत देवक बसवलं, मांडव घातला, की तो विधीने उठवायचा. नवरानवरी गाडीत बसली म्हणजे कार्य संपलं, असं शास्त्र मानत नाही. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ 1612 सालचा. त्या परंपरेतल्या ग्रंथांनी मांडव कोणत्या दिवशी उतरवावा हेसुद्धा ठरवून दिलंय: सम दिवशी करा, पण सहावा नको; विषम दिवस धरायचा तर पाचवा किंवा सातवा घ्या. देवक उठेपर्यंत यजमानावर नाना बंधनं. म्हणजे आमच्या पूर्वजांनी आयोजकाला मोकळंच सोडलं नव्हतं. व्रत केलंत? उद्यापन करा. गणपती बसवलात? उत्तरपूजा करा. बोलावलंय त्याला पोचवा, मांडलंय ते आवरा. मी काही कर्मठ माणूस नाही, जानवं कधीच खुंटीला गेलंय. पण मांडव उतरवण्याला संस्कार मानणाऱ्या समाजाचे वंशज आज खड्डे तसेच सोडून पुढच्या ‘इव्हेंट’ला पळतात, आणि व्यासपीठावरून आपली थोर संस्कृती, थोर संस्कृती करतात. हसू येणार नाही तर काय?

खड्डे म्हटलं आणि आठवलं. मांडवाचा बांबू पहारीने खड्डा केल्याशिवाय उभा राहत नाही. गणपती गेले की रस्त्यावर राहतात ते हे खड्डे. मुंबई महापालिकेने 2025 साली एका खड्ड्यामागे 15,000 रुपये दंड जाहीर केला. आधी तो 2,000 होता. मंडळांनी गहजब केला आणि उत्सवाच्या तोंडावर दंड पुन्हा 2,000 वर आला. आता मला एक साधी शंका आहे. खड्डा बुजवायचाच असेल तर दंड 15,000 असो की 15 लाख, तुमचं काय बिघडलं? दंडाच्या रकमेवर भांडतो तो माणूस खड्डा बुजवणार नाही, एवढं त्याला स्वतःला पक्कं ठाऊक असतं. विघ्नहर्त्याच्या नावाने विघ्न खोदून ठेवायचं आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं. यायला रस्ता नको का त्याला?

फ्लेक्सचं तेच. बेकायदा फलक हटवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 ला सविस्तर निकाल दिला. त्यानंतर न्यायालयाने किती वेळा कान उपटले याची मोजदाद मी सोडून दिली. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेचा फ्लेक्स दिवाळीपर्यंत चौकात हात जोडून उभा असतो. शेवटी तो काढतो कोण? आयोजक नव्हे, पालिका नव्हे, एक गवळी. गेली तीन वर्षं आमचे सन्माननीय वक्ते त्याच्या गोठ्यावर पावसाळा काढतायत. ‘विचारांचा जागर’ ही अक्षरं बरोबर म्हशीच्या डोक्यावर येतात. आमच्या अख्ख्या उपक्रमात फेरवापर म्हणावा असा तेवढाच झाला.

अन्नाकडे वळलो तर पित्त खवळतं. 200 पानं धरायची, 350 चा स्वयंपाक सांगायचा, कारण ‘कमी पडलं तर नाक कापलं जाईल’. आणि उरलं तर? उरलं तर जिलबी पदाधिकाऱ्यांच्या डिकीत, भात उकिरड्यावर. उरलेलं चांगलं अन्न गोळा करून वाटण्याचे नियम देशात 2019 पासून आहेत. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी रोटी बँक उभी करून दाखवली. म्हणजे कायदा आहे, वाट आहे. नाही तो एक फोन, तोही पंगत उठायच्या आत करायचा. आंबलेल्या वरणाचं दान घ्यायला देवसुद्धा येत नाही. पण त्या वेळी आयोजक काय करत असतात? ग्रुप फोटो. ‘अजून एक, अजून एक, डोळे मिटले कुणाचेतरी!’

इथपर्यंत चेष्टा चालली. एका ठिकाणी ती थांबते. 16 एप्रिल 2023, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, वर ऊन, समोर लाखोंचा जनसमुदाय. उष्माघाताने 14 माणसं गेली. त्यानंतर चौकशीसाठी एकसदस्य समिती नेमली गेली, आणि उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्यावर सरकारी कार्यक्रम नकोत असं जाहीर झालं. व्यवस्थापनवाले कार्यक्रमानंतरच्या आढावा बैठकीला सहज ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. मला तो शब्द त्या दिवसापासून तोंडात घेववत नाही. एप्रिलमध्ये कोकणपट्टीत दुपारी ऊन असतं, ही काय गोपनीय माहिती होती? मागच्या कार्यक्रमांत किती जणांना भोवळ आली, पाणी कुठे संपलं, सावली कुणाच्या वाट्याला आली, याची कुणी कधी वहीत नोंद केली असती, तर तो शहाणपणाचा नियम आधीच सुचला असता. मांडव व्यासपीठावर होता. लोकांवर नव्हता.

ती वही हेच आयोजकाचं कार्यक्रमानंतरचं खरं काम. काय चुकलं ते लिहा, अजून घाम वाळलेला नसताना लिहा, आणि आचारी, वाढपी, खुर्च्या उचलणारी पोरं यांना विचारून लिहा. व्यासपीठावरच्याला फक्त समोरची पहिली रांग दिसते, आणि पहिली रांग नेहमी खूश असते. आम्ही मात्र ठराव करतो. आम्हा साहित्यप्रेमी मंडळींना ठरावाचं जबर व्यसन! मराठीला अभिजात दर्जा द्या, असे ठराव संमेलनामागून संमेलनात झाले. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने तो दिला, आणि मला काळजी लागून राहिली की आता समारोपाच्या सत्रात म्हणायचं काय? घाबरू नका, सीमाप्रश्न आहे. तो खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ठराव करणाऱ्यांची ददात नाही.

आता बिलांकडे. ‘अकाउंट्सचा भाग’ ना हा? लघुउद्योगांचा पैसा थकवू नये म्हणून 2006 चा कायदा आहे. नोंदणीकृत लघु व्यावसायिकाला लेखी करार असेल तरी फार तर 45 दिवसांत पैसे द्यायचे, नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वाचून मला आनंदाश्रू आले. कारण आमच्याकडे मुदतीचं एकच परिमाण आहे: ‘पुढच्या कार्यक्रमाला बघू.’ मंडपवाला हे ऐकून गप्प बसतो, कारण पुढचं काम जाईल. साऊंडवाला गप्प बसतो, कारण अध्यक्षांच्या मेव्हण्याचं लग्न आहे. वाढप्यांना तर कुणाकडे मागायचं हेच कळत नाही. मुकादम केटररकडे बोट दाखवतो, केटरर आमच्याकडे, आम्ही प्रायोजकाकडे, आणि प्रायोजक बॅनरवरच्या स्वतःच्या छोट्या लोगोकडे. गंमत म्हणजे वक्त्याचं मानधन पाकिटात घालून, वर एक रुपया चिकटवून, जागच्या जागी दिलं जातं. विषय होता ‘श्रमप्रतिष्ठा’.

गेल्या कार्यकारिणीत मी एवढंच सुचवलं की आभारप्रदर्शन व्यासपीठावर न करता तिसऱ्या दिवशी करावं: बिलं चुकती झाल्यावर, खड्डे बुजवल्यावर, फ्लेक्स उतरवल्यावर, आणि जमाखर्चाचा कागद वाचनालयाच्या दारावर डकवल्यावर. सचिव म्हणाले, "तिसऱ्या दिवशी येणार कोण?" बरोबर आहे. माझं म्हणणं तेच होतं.

आमच्या मंडपवाल्याचे 18,200 रुपये अजून बाकी आहेत. अध्यक्षांचा सत्काराचा फोटो फ्रेम करून त्यांच्या घरी पोचला. फ्रेमवाल्याला रोख दिले.