आबांच्या मेंदूतलं मतदान

होळीच्या आधीच्या वीकेंडला गावी गेले होते. हिंगोली जिल्हा, वसमत तालुका. (पुण्यातल्या फ्रेंड्सना ‘नांदेडच्या अलीकडे’ सांगितलं की पटकन कळतं.) अंगणभर हळद वाळत घातलेली आणि बाजेवर आबा. उजव्या हातात चक्क ओव्हनचा जाडजूड ग्लोव्ह! मीच कुरिअरने पाठवलेला.

स्टोरी अशी, की नोव्हेंबरमध्ये एका रात्री आबांचा डावा हात अचानक जड पडला. ‘झोपेत दबला असंल,’ म्हणत घरच्यांनी तेल चोळलं आणि सकाळची वाट पाहिली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नांदेड गाडीने तासाभरावर. हा हिशेब अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे हात थोडा हलायला लागला, पण आबा सगळं उजव्यानेच उरकायचे. फिजिओ म्हणाले, ‘चांगला हात बांधून ठेवा.’ आजी भडकलीच. ‘‘एक गेला तर गेला, दुसराबी बांधता?’’

मी आजीच्या पार्टीत, ऑफकोर्स. पण पत्रकाराची खोड, वाचत बसले.

मेंदूच्या मोटर कॉर्टेक्समध्ये शरीराचा नकाशा असतो, हे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1937 मध्ये मांडलेलं. त्यावरून मला वाटायचं, एकेका स्नायूचं एकेक बटण असणार. जळलं की खेळ खलास. पण 1982 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला अपोस्टोलोस जॉर्जोपोलोस आणि सहकाऱ्यांनी माकडांना मधल्या बिंदूपासून आठ दिशांना हात न्यायला लावला आणि मेंदूतल्या एकेका पेशीचा आवाज टिपला. प्रत्येकीची एक लाडकी दिशा. तिकडे हात निघाला की ती सर्वांत जोरात ओरडते, आजूबाजूच्या दिशांना जरा कमी, उलट दिशेला जवळपास गप्प. एकटीच्या ओरडण्यावरून हात नक्की कुठे चाललाय ते कळत नाही. सगळ्यांची मतं मोजली की दिशा बरोब्बर निघते. (पेशी दिशा सांगतात की स्नायूंचा जोर, यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत.)

मग काही मतदार गेले तर? 1996 मध्ये रँडॉल्फ न्यूडो यांच्या टीमला माकडांमध्ये दिसलं, की इजेनंतर हात वापरला नाही तर मेंदूतला हाताचा शाबूत भागही आक्रसतो. सराव करवला तर टिकतो, कधी कोपर-खांद्याच्या जागेतही पाय पसरतो. आणि 2006 मध्ये अमेरिकेतल्या 222 पेशंट्सवरचा अभ्यास आला. अटॅकला तीन ते नऊ महिने झालेले लोक, दोन आठवडे चांगला हात मोज्यात आणि कमजोर हाताला भरपूर काम. वर्षानंतरही फरक टिकून होता.

दुसऱ्या दिवशी ग्लोव्ह कुरिअर! (बोटं-मनगट थोडं तरी हलत असेल तरच याचा उपयोग, आणि तेही फिजिओंना विचारून. घरी प्रयोग नकोत, प्लीज.)

गंमत म्हणजे ‘हात उचला’ म्हटलं की आबांचा डावा हात ढिम्म. पण समोर घमेलं ठेवून ‘हळकुंडं निवडा’ म्हटलं की हळूहळू सरकतो. रविवारी सकाळी तीस झाली. खांद्याच्या वर अजून जात नाही. आजी शेजारी बसून मोजते, आणि चुकीचं निवडलं तर मुकाट्याने परत घमेल्यात टाकते.

चहा आला, की ग्लोव्ह बाजूला. चहा उजव्या हातानेच, ही आबांची अट होती.