पदकाची कड

लष्करी पदकांचा संग्राहक म्हटले की आमच्या साहित्यवर्तुळात एक ठरीव हसू उमटते. निवृत्त कर्नल, मखमलीचा डबा, व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आणि गेलेल्या साम्राज्याची हळहळ, असे त्याचे चित्र आम्ही मंडळींनी मनाशी पक्के करून टाकले आहे. पुढे या हसण्याला सिद्धान्ताचाही टेकू मिळाला. पदक हे सत्तेचे चिन्ह, ते जपणे म्हणजे सत्तेची भलामण, असे चर्चासत्रांतून बिनदिक्कत सांगितले जाते. ही भूमिका वाचनाच्या आळसातून आलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राजाचा मुखवटा पाहून जे हात झटकतात, त्यांनी पदकाची कड वाचलेली नसते.

वॉटर्लूच्या १८१६ सालच्या पदकापासून पुढे बहुतेक ब्रिटिश मोहीम-पदकांच्या कडेवर, त्या नाण्यासारख्या अरुंद पट्टीत, ज्याला पदक मिळाले त्याचे नाव, हुद्दा आणि पलटण असते. दर्शनी बाजू हजारोंची, लाखोंची एकच. कड मात्र एकाच माणसाची. संग्राहक आधी पदक आडवे धरतो आणि भिंगाखाली कड वाचतो. समीक्षकाने हे त्याच्याकडून शिकायला हरकत नव्हती.

उदाहरणार्थ तिबेटचे पदक घ्या. यंगहजबंडच्या १९०३-०४ च्या स्वारीसाठी दिलेल्या या पदकाच्या पाठीवर पोताला राजवाडा आहे. लढणाऱ्यांना ते चांदीचे मिळाले, ओझी वाहणाऱ्यांना काशाचे. वसाहतकालीन हिंदुस्थानी फौजेच्या अनेक पदकांत हीच धातूंची उतरंड आहे: शिपायाला चांदी, भिस्ती, मोतद्दार, डोलीवाले, हमाल यांना कासे. यातला अपमान उघड आहे आणि तो झाकण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या काशाच्या कडेवर नाव आहे, आणि नावामागे चक्क 'कुली' हा हुद्दा आहे. हिमालयाच्या खिंडींतून सरकारी रसद पाठीवर वाहून नेणाऱ्या त्या माणसाचे नाव इतरत्र कुठे शोधायचे, हे सिद्धान्तवाद्यांनी आम्हांला सांगावे. स्वारीच्या ग्रंथांत तो 'वाहतूक' या एका शब्दात बुडालेला असतो.

धातूचा न्यायही मोठा विक्षिप्त. १९८० च्या सुरुवातीला चांदीचा भाव आभाळाला भिडला, तेव्हा पहिल्या महायुद्धाची चांदीची पदके भराभर मुशीत गेली. त्यांच्याबरोबर कडांवरची नावेही वितळली. हलके म्हणून दिलेले कासे वितळवून कुणाला काय मिळणार होते? ते उरले.

त्याच युद्धाच्या काशाच्या पदकांत एक प्रकार असा आहे की तो हातात घेणाऱ्याला बोलवत नाही. चिनी श्रमिक दलातील सुमारे ९५,००० माणसे ब्रिटिशांनी मुख्यतः शांडोंग प्रांतातून फ्रान्समध्ये नेली. त्यांच्या पदकांच्या कडेवर दलाचे नाव आणि एक आकडा आहे. माणसाचे नाव नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तर आपल्या कृष्णवर्णीय श्रमिकांना हे पदक द्यायचेच नाकारले. शेजारच्या बासुतोलँडसारख्या ब्रिटिश मुलखांतून आलेल्या त्यांच्या साथीदारांना मात्र ते मिळाले. 'वसाहतवाद' या एकाच शब्दाच्या पोत्यात आम्ही जे सगळे कोंबतो, त्यातल्या नाव, आकडा आणि काहीच नाही या तीन पायऱ्या कडा ताडून पाहिल्या म्हणजे नेमक्या दिसतात.

आणि गणित दर वेळी अपेक्षेप्रमाणे सुटते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सरकारने काटकसरीपायी आपल्या सैनिकांना बिननावाची वाटली. हिंदुस्थानी फौजेला मिळालेल्या त्याच पदकांवर नावे आहेत. सत्ताधाऱ्याचा शिपाई मुका आणि अंकिताचा बोलका! हा तपशील आमच्या तयार साच्यात कुठे बसवायचा?

हे सारे मराठीच्या अभ्यासकांना सांगण्याचे कारण आहे. पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी १९१५ साली कूतच्या वेढ्यात सापडल्या. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक झाले, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी आली. स्मृतीच्या या विषम वाटपाची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्या अहवालात दिली, ती २०२१ साली. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांची नावे आम्हांला पाठ आहेत, ते योग्यच. बाकीच्यांची नावे काही प्रमाणात तरी पदकांच्या कडांवर आहेत, आणि ती इंग्रजी लेखनिकाच्या कानाने मोडतोड झालेली आहेत. त्या रोमन अक्षरांच्या गुंत्यातून कोणते मराठी नाव, कोणते आडनाव, कोणता उच्चार निघतो, हे लंडनच्या लिलावदाराने ओळखायचे की मराठी विभागाने?

काम तर आमच्या ओळखीचेच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. पाठभेद, प्रक्षेप, प्रतींची तुलना यांवर प्रश्नपत्रिका काढतो. पदकांचा जाणकार हेच करतो. नाव ठशांनी उमटवले आहे की हाताने कोरले आहे, अक्षरांचे वळण त्या पदकाला आणि त्या टांकसाळीला शोभते का, हे तो पाहतो. मूळ नाव घासून दुसरे घातल्याचा संशय आला तर मापकाने व्यास मोजतो, कारण कड घासली की पदक केसभर लहान होते. प्रक्षेप ओळखण्याची इतकी काटेकोर कसोटी आमच्या किती संशोधकांकडे आहे, ते न विचारलेले बरे.

संग्राहकांचीही आम्ही आरती करणार नाही. एकाच माणसाची चार पदके चार गिऱ्हाइकांना विकणारा व्यापारी पोथीची पाने सुटी करून विकणाऱ्याच्या जातीचा आहे. चकाकीसाठी कडेवरची अक्षरे पॉलिश करकरून पुसट करणारे हौशी लोकही आहेतच. बाजार शौर्याला भाव देतो किंवा दुर्मिळतेला. चिनी श्रमिकाच्या काशाला आज सर्वसाधारण चांदीच्या पदकापेक्षा जास्त किंमत येते ती ते कमी आढळते म्हणून, त्यावरच्या आकड्यामागे माणूस होता म्हणून नव्हे.

पण बाजार सुधारणे आमच्या हाती नाही. संग्रहालयांकडे मागणी करणे आहे. पदके काचपेटीत मखमलीवर उताणी टाचलेली असतात, त्यामुळे राजा दिसतो आणि नाव दिसत नाही. खालच्या चिठ्ठीवर मोहिमेचे नाव, सन आणि धातू लिहिलेला असतो. त्याच चिठ्ठीवर कडेचा मजकूर अक्षर न् अक्षर, लेखनिकाच्या चुकांसकट उतरवून लावावा आणि शेजारी मराठी वाचन द्यावे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातले चार विद्यार्थी भिंग आणि वही घेऊन बसले, तर एका दालनाचे हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकेल.