तलावाला दिवे नंतर लावा, आधी गटार बंद करा

पोस्ट लांब आहे, पण विषय तुमच्या-आमच्या नळाचा आहे. त्यामुळे चहा घेता घेता का होईना, शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे तलावासाठी निधी मंजूर झाला की सगळ्यात आधी काय येतं? पेव्हर ब्लॉक. मग कठडा, मग दिव्यांचे खांब, मग सेल्फी पॉइंट, आणि या सगळ्याच्या आधी भूमिपूजनाचा फ्लेक्स. त्याला नाव असतं 'तलाव संवर्धन'. यात तलावाचं काय झालं, तर काठ रंगला. पाण्यात जे काल येत होतं तेच आजही येतंय. फरक एवढाच, की आता ते संध्याकाळी रंगीत उजेडात दिसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तलाव म्हणजे पाणी, आणि ते पाणी जिथून येतं ती जमीन. त्या जमिनीला आपण पाणलोट म्हणतो. पाणलोट सोडून काठावर खर्च करणं म्हणजे माणूस तापाने फणफणतोय आणि घरचे त्याला नवा शर्ट घालतायत.

जळगावपासून सुरू करू. मेहरूण तलाव. आज तो आपल्याला फिरायला जायची जागा म्हणून माहीत आहे. सकाळी चालणारे, संध्याकाळी भेळ खाणारे, गणपतीत गणेश घाटावरची गर्दी. पण ब्रिटिशांच्या काळात जळगाव शहराला याच तलावातून नळाने पाणी येत होतं, हे नव्या पिढीत किती जणांना माहीत आहे? शहर वाढलं, गिरणेवरून पाणी आणलं, नंतर वाघूर धरण आलं आणि मेहरूणचं पाणी पिणं सुटलं. पिणं सुटलं त्या दिवसापासून तलाव बिनमालकाचा झाला. आपण जे पीत नाही त्याच्याकडे बघत नाही. खरा रोग हाच आहे.

मेहरूणला पाणी कुठून येतं? वरच्या अंगाच्या टेकड्यांवरून आणि अंबरझरा तलावाकडून. म्हणजे अंबरझरा, त्याची चारी, मधले ओढे-नाले आणि खाली मेहरूण असा हा एकच संसार आहे. चारी बुजली, ओढ्यावर भराव पडला, नाल्याकाठी प्लॉट पडले, की पावसाचं स्वच्छ पाणी अडतं. मागे काय उरतं? आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी. ते कुठल्याही प्लॉटला विचारत नाही, उताराने बरोबर तलावात येतं. पावसाचं पाणी वर्षातले तीन-चार महिने येणार आणि सांडपाणी बाराही महिने. हिशोब तुम्हीच करा.

सांडपाण्याने नक्की काय होतं, हेही समजून घेऊ, कारण 'थोडंफार येतं, त्याने काय होतं' हे वाक्य मी फार ऐकलंय. मैला आणि साबणाच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. म्हणजे खतच. शेतात खत टाकलं की पीक वाढतं, तलावात पडलं की शेवाळ आणि जलपर्णी वाढते. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की खाली ऊन जात नाही. खालचं सगळं मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मग एक दिवस मासे उलटे तरंगतात आणि बातमी येते, 'मासे मेले, कारण अस्पष्ट'. कारण काय अस्पष्ट आहे भाऊ? नाल्याच्या तोंडाशी जाऊन नाक उघडं ठेवा, स्पष्ट होईल.

बंगळुरूच्या बेलंदूर तलावाचं नाव ऐकलं असेल. सांडपाण्याने त्याची अशी गत झाली की फेस रस्त्यावर उडायला लागला आणि २०१७ साली तलावाला आग लागल्याची बातमी देशभर गाजली. तलावाला आग! एवढ्या पैशाच्या, एवढ्या हुशार लोकांच्या शहरात. आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणीही सांडपाण्यानेच हिरवंगार पडलं होतं. म्हणजे हे होऊ शकतं, झालेलं आहे, आणि त्याची सुरुवात 'थोडंफार येतं' इथूनच झाली होती.

आता धुळेकरांनो, 'हे जळगावचं आहे' म्हणून पुढे सरकू नका. तुमची गोष्ट जास्त गंभीर आहे. मेहरूणचं पाणी जळगाव आज पीत नाही. नकाणे आणि डेडरगाव तलावाचं पाणी धुळे आजही पितं. अक्कलपाडा धरणातून पांझरेचं पाणी नकाण्यात येतं आणि तिथून शहराला. ज्या शहरात आठ-आठ दिवस नळाची वाट बघावी लागते, त्या शहराने आपल्या तलावाभोवतीची जमीन डोळ्यात तेल घालून जपायला हवी की नको? शहर साक्री रोडने पश्चिमेकडे सरकतंय, आणि नकाणे त्याच बाजूला आहे. आज तिथे काय बांधायचं, ड्रेनेज कुठे सोडायचं, हे ठरवलं नाही तर दहा वर्षांनी तलावाच्या वर वस्ती असेल आणि खाली तुमचा नळ.

आणि पांझरेचं म्हणाल तर नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते काढून झाले. नदीला तिची जागा लागते, हे ऑगस्ट २०१९ च्या पुरात पांझरेनेच सांगितलं. नदी कोर्टात जात नाही, सरळ घरात येते.

आता कायद्याची गोष्ट. इथे एक मेख आहे आणि ती फार कुणी सांगत नाही. पाणथळ जागांसाठी देशात २०१० साली नियम आले. त्यात माणसाने बांधलेले तलाव आणि जलाशयही धरले होते. २०१७ साली नवे नियम आले आणि व्याख्याच बदलली. खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव बाहेर. सिंचनासाठी बांधलेले बाहेर. मनोरंजनासाठी बांधलेलेही बाहेर. आता सांगा, खान्देशात राहिलं काय? आपल्याकडे काश्मीरसारखी नैसर्गिक सरोवरं नाहीत. आपलं बहुतेक सगळं साठलेलं पाणी कुणीतरी बांध घालून अडवलेलंच आहे. भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून पक्षी येतात. पक्षीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हतनूर महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून नोंदलेलं आहे. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी यांना रामसर दर्जा मिळाला. त्यातलं नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्यामुळेच तयार झालंय. मग हतनूरला तो मान का मागू नये? आपल्या खासदार-आमदारांनी कधी मागितल्याचं तुम्हाला आठवतं का?

पण 'नियमात बसत नाही' म्हणून कुणी हात वर करत असेल तर त्याला दुसरं पान दाखवा. १९७४ चा जलप्रदूषण कायदा अजून जिवंत आहे. त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेदच नाही. दोन्ही पाण्यांत घाण सोडायला बंदी आहे. महापालिका अधिनियमात सांडपाण्याची व्यवस्था हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मर्जी नाही, कर्तव्य. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंच लाल तिवारी प्रकरणात सांगितलं की तळी ही समाजाची मालमत्ता आहे, ती बुजवून वाटता येत नाही. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाणी नीट न हाताळल्याबद्दल महाराष्ट्र सरकारवर १२,००० कोटी रुपयांची आकारणी केली. म्हणजे कायदा आहे, निकाल आहेत. नाही ती फक्त लाज.

आता नेहमीचे तीन प्रश्न येतील. उत्तरं आधीच देऊन ठेवतो.

पहिला प्रश्न : 'वाघूर आहे ना, मग मेहरूणची काय गरज?' तलाव फक्त नळाला पाणी देत नाही. तो जमिनीत पाणी मुरवतो. आजूबाजूच्या विहिरी आणि बोअर त्याच्या जिवावर असतात. यावल-रावेरचं बघा. केळीची सोन्यासारखी जमीन, पण भूजल इतकं उपसलं की दोन्ही तालुके अतिशोषित यादीत गेले. ज्यांनी शेकडो फूट खाली जाऊन कोरडी बोअर बघितली, त्यांना विचारा मुरलेल्या पाण्याची किंमत. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या मुलखात शहरातला भरलेला तलाव ही चैन नाही. आणखी एक. मेहरूणची बोरं आठवतात? त्या बोराला गावाचं नाव आहे, एवढी ती जात नामांकित. आता ती बोरं शोधावी लागतात, कारण बोरींच्या जागी प्लॉट पडले. झाड गेलं, आता तलावाची पाळी आहे का?

दुसरा प्रश्न : 'विकास नको का?' हवा ना. भुयारी गटार हा विकासच आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पूर्ण क्षमतेने चालणं हा विकासच आहे. अमृत योजनेसाठी जळगावच्या लोकांनी किती वर्षं खड्ड्यांतून गाड्या चालवल्या, धूळ खाल्ली, मणके खिळखिळे करून घेतले. कशासाठी? घरातलं घाण पाणी नाल्यात न जाता पाइपात जावं म्हणूनच ना? मग तलावाभोवतीचं एकेक घर त्या पाइपाला जोडलं गेलं का, हे विचारणं विकासाच्या विरोधात कसं? मी पैसे भरलेल्या वस्तूची डिलिव्हरी मागतोय.

तिसरा प्रश्न : 'लोकच घाण करतात.' अर्धं खरं आहे. निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून तशीच पाण्यात फेकणारे आपणच. पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, रंग मात्र उतरतो, हे माहीत असून घरी आणणारे आपणच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या. बाप्पाचा अपमान त्याने होत नाही. पंधरा दिवसांनी काठावर तुटलेले हात-सोंड सापडतात, त्याने होतो. पण मंडळी, विसर्जन वर्षातून काही दिवस. नाला रोज. तेव्हा लोकांकडे बोट दाखवून नाल्याकडे पाठ फिरवू नका.

आता कुणी म्हणेल, सार्वजनिक पाणी लोकांना सांभाळता येतच नाही. त्यांना पांझरेकाठी घेऊन जा. फड पद्धत याच मातीतली. काही शतकं पांझरा, कान, बुराई या नद्यांवर बंधारे घालून गावांनी पाणी वाटून घेतलं. पाट उपसायचा तो सगळ्यांनी मिळून. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कुणी मोठा शेतकरी आहे म्हणून त्याचा पाट वेगळा नाही. ना ॲप होतं, ना सल्लागार कंपनी, ना ड्रोन सर्व्हे. ते आपले पणजोबा-खापरपणजोबा होते. त्यांना जे जमलं ते आपल्याला इंजिनिअर आणि आयुक्त हाताशी असून जमत नसेल, तर अडचण अकलेची नाही, नियतीची आहे.

म्हणून मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा ठेवू :

१) मेहरूण, अंबरझरा, नकाणे, डेडरगाव या तलावांची आणि त्यांच्या नाल्या-चाऱ्यांची मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. नकाशा वॉर्ड ऑफिसात भिंतीवर लावा.

२) तलावात येणारं सांडपाण्याचं प्रत्येक तोंड मोजा. कोणतं कधी बंद होणार, याची तारीख लिहून द्या.

३) पाण्याची तपासणी दर महिन्याला करा आणि निकाल तलावाच्या काठावरच्या फलकावर लिहा. नेत्यांच्या फोटोला जागा मिळते, तर पाण्याच्या रिपोर्टलाही मिळेल.

४) वरची दोन कामं होईपर्यंत सुशोभीकरणावर एक रुपया खर्च करू नका.

चौथी मागणी सगळ्यात जास्त टोचणार आहे, मला माहीत आहे. कारण गटाराच्या पाइपाला फीत लावून कापता येत नाही. जमिनीखाली गेलेलं काम फोटोत येत नाही. पण मतदार म्हणून आपणच दिव्यांना टाळ्या वाजवल्या, तर पुढारी दिवेच लावणार.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक दारात आला, की रस्ता आणि पथदिवा याच्याबरोबर एकच प्रश्न जादा विचारा : 'दादा, आमच्या घरचं सांडपाणी जातं कुठे?' उत्तर देता आलं तर चहा पाजा. नाही आलं तर गाडीवर बसवून नाल्याच्या काठाने तलावापर्यंत घेऊन जा. लांब नाही, दहा मिनिटांचा रस्ता आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर. आणि तुमच्या भागातला नाला कुठून निघून कुठे पडतो हे माहीत असेल तर फोटोसकट लिहा. त्याचीच यादी करू. पानी आपलं शे, भो. मोजणीही आपणच सुरू करू.